कोल्हारचे सहा सभासद

सोमवार, ५ जुलै १९९९
आज माझं स्वतःचं मंडळ निघालं. गणपतीचं नव्हे, खेळातलं.

इथे नगरला, सावेडीत आबासाहेबांचं एसटीडी बूथ होतं, तिथे त्यांनी चार कॉम्प्युटर टाकून इंटरनेट सुरू केलंय. सकाळी सहा ते आठ गिऱ्हाईक नसतं, म्हणून आम्हाला अर्ध्या दरात बसू देतात. खेळात चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसती इंग्रजी अक्षरं. ‘तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे आहात, उत्तरेला जंगल आहे’ असं पडद्यावर येतं. आपण ‘उत्तर’ टाइप केलं की जंगलात. जगभरातले दोन-तीनशे लोक त्यात एकाच वेळी हिंडत असतात, लढतात, गप्पा ठोकतात. टोळ्या करून राहतात. त्या टोळीला ते गिल्ड म्हणतात, मी मंडळ म्हणतो. माझ्या मंडळाचं नाव ‘प्रवरा’. आमच्या कोल्हारची नदी.

परदेशातल्या एका विद्यापीठातली चार-पाच माणसं हा खेळ चालवतात. खेळात त्यांना ‘देव’ म्हणतात. देवांचा नियम असा की महिनाभरात दहा क्रियाशील सभासद दाखवायचे, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी येऊन खेळणारे. मग मतदान घेऊन अध्यक्ष निवडायचा. नाही जमलं तर मंडळ रद्द.

अध्यक्ष मीच होणार, त्यात बोलायचं काही नाही. हा खेळ मी शोधला. भीमराजला मी दाखवला. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहतो. बीएस्सीला पहिला नंबर त्याचा, दुसरा माझा. सर प्रश्न विचारतात वर्गाला आणि बघतात त्याच्याकडे. मेसच्या बनुबाई तव्यावरची भाकरी आधी त्याच्या ताटात टाकतात, मी शेजारी बसलेला असलो तरी. दोस्त आहे, जिवाला जीव देणारा आहे, सगळं मान्य. पण एका तरी गोष्टीत मी पहिला असायला हवा की नको?

गुरुवार, ८ जुलै
सभासद सहा. मी, भीमराज, वर्गातली वृषाली, तिची मैत्रीण माधुरी आणि फर्स्ट इयरची दोन पोरं. वृषालीला मीच आणलं. कँटीनमध्ये तिला अर्धा तास मंडळाचं धोरण समजावून सांगितलं. ती म्हणाली, “राधाकृष्ण, तू भाषण छान करतोस. पण खेळायचं कसं?”

ते मात्र भीमराजने दाखवलं. तिच्यामागे स्टूल घेऊन बसला. ती तीनदा मेली, तर तीनदा तिला किल्ल्याच्या दारातून परत घेऊन गेला. शेवटी तिने एक कोल्हा मारला आणि अशी ओरडली की आबासाहेब चहा टाकून धावत आले. मी पलीकडच्या कॉम्प्युटरवर मंडळाची घटना लिहीत होतो. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

रविवार, ११ जुलै, कोल्हार
गावी आलो. भीमराज म्हणत होता, “मीबी येतो रं, परवरेत पवू.” मी म्हटलं घरी पाहुणे आहेत. पाहुणे कोणी नव्हते.

दादा म्हणजे माझे वडील, दूध संस्थेचे चेअरमन, तिसऱ्यांदा. त्यांना विचारलं, सभासद कसे वाढवायचे? ते हसले. “सभासद म्हंजी काय रं? एक सही आन् एक मत. त्याला टेम्पोत घालून आनायचं, पोटभर जेवू घालायचं, सही घेऊन सोडून द्यायचं. बाकी समदं आपुन बगायचं.”

मग म्हणाले, “तुझ्या खोलीवरचा त्यो पाथर्डीचा पोरगा, बाप कंडक्टर हाय त्याचा, त्याचं आडनाव काय म्हनलास?” मी टेम्पो किती वाजता निघतो ते विचारलं. तीन वर्षं झाली, हा प्रश्न आला की मला काही ना काही विचारायचं सुचतं.

शुक्रवार, १६ जुलै
फत्ते! चुलतभाऊ हर्षल आणि भावकीतले पाच जण दुधाच्या टेम्पोतून सकाळी नगरला आणले. कॅनांच्या मधे बसून आले, सगळ्यांच्या पँटी ओल्या. आधी मिसळ, मग कॅफे. सहा कॅरेक्टर काढली. सगळ्यांचा पासवर्ड एकच ठेवला, ‘कोल्हार’, म्हणजे कोणी विसरायला नको. हर्षलला वाटलं आता पिक्चर सुरू होणार. दहा मिनिटं अक्षरांकडे बघून म्हणाला, “आरं, ह्यात मानसं कुटं हायती?”

टायपिंग सगळं भीमराजनेच केलं. ते गेल्यावर मला हळूच म्हणाला, “ह्यातलं कुनी परत यायचं न्हाई, आरके. कोल्हारात कॅफे कुठं हाय?”

“लोणीला निघालाय एक. येतील.”

“आन् न्हाई आले तर? मंडळ जाईल तुझं.”

‘तुझं’ म्हणाला. बरं वाटलं ऐकून. पण हा का काळजी करतोय? सहाच्या सहा माझे आहेत हे त्याला खुपत असणार. आता बारा सभासद, त्यात सात मतं घरची.

बुधवार, २१ जुलै
पाच दिवस झाले, कोल्हारचं एकही कॅरेक्टर फिरकलं नाही. नावांपुढे ‘झोपलेला’ असं येतं. देवांची सूचना आली की सभासद जागे करा. हर्षलला फोन लावला तर काकू म्हणाल्या तो पाणी धरायला गेलाय. भर पावसाळ्यात पाणी कसलं धरतोय?

संध्याकाळी तोंड पाडून बसलो होतो. भीमराजने दोनदा विचारलं काय झालं. शेवटी सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याला काय, त्याचं थोडंच मंडळ जाणार आहे.

मंगळवार, २७ जुलै
चमत्कार! कोल्हारचे सहाही जागे झाले. शनिवारपासून रोज येतात. हर्षलचं कॅरेक्टर तर चौथ्या लेव्हलला गेलं. खोलीत उड्या मारल्या मी. भीमराजला म्हटलं, “बघ, म्हणत होतास ना कोणी येणार नाही? रक्ताची माणसं आहेत ती.” तो म्हणाला, “व्हय, चुकलो मी.” आणि डोळे चोळत आंघोळीला गेला.

हल्ली तो पाच वाजताच उठून कॅफेत जातो. आबासाहेबांनी त्याला किल्लीच दिलीय. मला किल्ली द्यावी असं त्यांना कधी वाटलं नाही. मी सहाला पोचतो तोवर हा तासभर खेळून झालेला असतो. माझ्यापुढे जायचंय त्याला, दुसरं काय? गंमत म्हणजे लेव्हल वाढलेली दिसत नाही त्याची. मी सोळावर, तो अजून अकरावरच. एवढा वेळ घालवून करतो काय कोण जाणे. मनातून बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

रविवार, १ ऑगस्ट
हर्षल फोनवर सापडला. म्हटलं, शाब्बास, रोज येतोस. तो आधी “कुटं?” म्हणाला. मग म्हणाला, “व्हय तर! रोजच येतो ना मी. काल तर वाघ मारला बंदुकीनं.”

ह्या खेळात बंदूक नाही. पण तो इंग्रजी शब्दांचा काहीही अर्थ लावत असेल. खेळतोय ना, मग झालं.

शनिवार, ७ ऑगस्ट
मतदान झालं. कसं झालं ते नीट लिहून ठेवतो.

काल वृषाली सगळ्यांदेखत म्हणाली, अध्यक्ष भीमराजने व्हावं. माधुरीने मान हलवली, फर्स्ट इयरच्या पोरांनी टेबल वाजवलं. भीमराज म्हणाला, “मी न्हाई. मंडळ आरकेनं काढलंय.” ती म्हणाली, “काढलंय त्याने, चालवतोस तू.” हे माझ्यासमोर, माझ्याच पैशाचा चहा पिता पिता.

तरी तिने त्याचं नाव दिलंच. आज निकाल लागला. मला आठ, त्याला चार. निवडून आलो!

माझं एक आणि कोल्हारची सहा, सात झाली. मग आठवं कोणाचं? सकाळभर वाटलं वृषालीचं असणार, तोंडावर बोलली पण आतून मलाच दिलं. दुपारी कँटीनमध्ये तिला सूचकपणे हसून धन्यवाद म्हटलं, तर म्हणाली, “मी भीमराजला दिलंय. माधुरीनेही.” म्हणजे दोन पोरांतलं एक असेल. ती दोघंही शपथा घेतात की त्यांनी भीमराजलाच दिलं. कोणीतरी खोटं बोलतंय.

भीमराजने पेढे आणले होते. पहिला माझ्या तोंडात घातला. कौतुकाचा धनी मी आणि मोठेपणा त्याचा. वृषाली त्याच्याकडे असं बघत होती, जणू निवडणूक त्यानेच जिंकलीय.

बुधवार, ११ ऑगस्ट
अध्यक्ष होऊन चार दिवस झाले. मला एकानेही काही विचारलेलं नाही. गुहेत कसं जायचं, भीमराज. ढाल कुठे मिळते, भीमराज. काल माधुरीचं कॅरेक्टर दलदलीत अडकलं. मी समोर उभा, सोळाव्या लेव्हलचा अध्यक्ष, आणि तिने हाक मारली कोणाला? तो आंघोळ करून ओल्या केसांनी नुकताच कॅफेच्या दारात पोचला होता, तसाच पळत आला. दोन परदेशी खेळाडूंनी मंडळात येऊ का म्हणून अर्ज केला, तोही त्याच्या नावे.

माझा जळफळाट होतो. हे लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे? त्याने काही मागितलं तरी बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. तो काही मागत नाही आणि सगळं त्याच्याकडे आपोआप चालत जातं.

दादांची एक युक्ती आहे. संस्थेत कोणी फार वर यायला लागला की त्याच्या नावाने चौकशीचा अर्ज टाकायचा. निघत काहीच नाही. पण चौकशी लागली की माणूस दोन महिने खाली मान घालून बसतो, आणि तेवढ्यात लोक त्याला विसरतात.

गुरुवार, १२ ऑगस्ट
देवांना मेल टाकला. अध्यक्ष या नात्याने. भीमराजच्या बाजूचे सभासद खरे आहेत की एकच माणूस अनेक कॅरेक्टर चालवतोय, याची कृपया चौकशी व्हावी. एकाच मंडळात एका माणसाने अनेक कॅरेक्टर चालवणं हा खेळातला सगळ्यात मोठा गुन्हा. ते खरे आहेत हे मला ठाऊक आहे. वृषाली, माधुरी डोळ्यांसमोर बसतात. म्हणजे त्याचं नुकसान काही होणार नाही. नुसती चौकशी.

सोमवार, १६ ऑगस्ट
मंडळ रद्द झालं.

देवांचा निकाल खेळाच्या फलकावर लागलाय, जगातल्या कोणीही वाचावा असा. वृषाली, माधुरी आणि दोन पोरं खरी आहेत. पण कोल्हारची सहा कॅरेक्टर कोल्हारहून कधी आलीच नाहीत. रोज पहाटे पाच ते सहा, आमच्याच कॅफेतल्या एकाच कॉम्प्युटरवरून, एकामागून एक, आणि शेवटी भीमराजचं स्वतःचं. सहाही चालवणारा एकच. भीमराजचं कॅरेक्टर कायमचं पुसलं. कोल्हारची सहा पुसली. सभासद उरले पाच, म्हणून मंडळ बरखास्त. खाली एक ओळ आहे, ‘प्रामाणिकपणे तक्रार केल्याबद्दल अध्यक्षांचे आभार.’

मी तीनदा वाचलं. मग एकदम डोक्यात आलं की ती सहा मतंही त्यानेच दिली. सहाही मला. आठवं त्याचं स्वतःचं.

राग आला. खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला. कोणी सांगितलं होतं याला उपकार करायला? मी मागितले होते का? म्हणजे मी जिंकलो तेही याने जिंकवलं म्हणून. माझी म्हणून एक गोष्ट होती, तीसुद्धा याचीच निघाली.

मंगळवार, १७ ऑगस्ट
वृषाली कॅफेत सगळ्यांसमोर म्हणाली, “तक्रार तू केलीस?” मी म्हटलं, नियमाचा प्रश्न होता. ती म्हणाली, “ती सहा माणसं कोणी आणली होती, राधाकृष्ण? टेम्पोत घालून?” मी अर्ध्या तासाचे पैसे टेबलावर ठेवून निघालो.

खोलीवर भीमराज कपड्यांना इस्त्री करत होता. मी म्हटलं, “मला सांगायचं होतंस.”

तो म्हणाला, “काय सांगायचं? तुजी मानसं येत न्हाईत म्हनून? तुला किती वाईट वाटलं असतं.” इस्त्री उभी ठेवली, माझ्याकडे बघितलं. “तुला मी नकोच हुतो, तर तसं म्हनायचं. मी काय अडून बसलो असतो व्हय?”

मी म्हणालो असतो काहीतरी. पण त्याने माझाही शर्ट ओढून घेतला इस्त्रीला, आणि मला ते सहनच झालं नाही. बाहेर जाऊन एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

सोमवार, २३ ऑगस्ट
बोलणं बंद. तो ‘जेवलास का’ एवढं विचारतो, मी ‘हो’ म्हणतो. संपलं.

खेळात मी सतराव्या लेव्हलला गेलो. एकटाच. काय करायचं ते सांगायला कोणी नाही, विचारायलाही कोणी नाही.

भीमराजने शून्यापासून नवं कॅरेक्टर काढलंय. किल्ल्याच्या दारात, हातात काठी. आणि त्या चौघांनी काय करावं? आपली वाढलेली कॅरेक्टर सोडून दिली आणि त्याच्याबरोबर पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली. वृषाली चौदावर होती! मी जंगलाच्या वाटेवर उभा राहून बघत होतो. पाच जण मिळून एका कोल्ह्यामागे धावत होते, चुकत होते, मरत होते. पडद्यावर ओळीच्या ओळी नुसत्या हसण्याच्या.

माझ्यासाठी कोणी एक लेव्हलसुद्धा सोडली नसती.

शनिवार, २८ ऑगस्ट
त्यांनी नवं मंडळ काढलं. नाव ‘प्रवरा’च ठेवलं. माझ्या गावची नदी, मी दिलेलं नाव! पाथर्डीच्या माणसाला प्रवरेचं काय? आबासाहेबांपाशी मी तणतण केली. ते म्हणाले, “अहो, मीच म्हटलं त्याला दुसरं नाव ठेव. तर म्हनला, ह्येच ऱ्हाऊ द्या, नावानं मानूस परत येतं.” कोण येणार आहे परत? उगाच काहीतरी.

सभासद नऊ झालेत म्हणे. होस्टेलच्या दोन पोरी, ते दोन परदेशी. देवांना दहा लागतात, आणि ह्या वेळी त्यांनी महिना नव्हे, एकच आठवडा दिलाय, शुक्रवार शेवटचा दिवस. नऊवरच अडकावेत असं मला वाटतं. वाटतं ते लिहिलं.

शुक्रवार, ३ सप्टेंबर
आज कॉलेज बुडवून माळीवाड्याच्या स्टँडजवळच्या दुसऱ्या कॅफेत गेलो. तिथे मला कोणी ओळखत नाही. नवं कॅरेक्टर काढलं, नाव सूर्यभान. त्यांचं मंडळ आतून बघायचं होतं, बाकी काही नाही. दहावा कोणी मिळाला का तेही बघायचं होतं.

किल्ल्याच्या दारात उतरलो तर समोर भीमराज. दुपारी बाराला! त्याला तास नसतात का? इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं त्याने.

“नवीन का?”

“हो. सूर्यभान. नाशिकचा.”

पडद्यावर बराच वेळ काही उमटलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मग आलं, “नाशिकला पाऊस हाय का?”

“आहे.”

“सूर्यभान, घाबरू नको. माज्या मागं मागं ये.”

त्याने मला जंगलातून नेलं. मी मुद्दाम चुकीचं टाइप करत होतो, अडाण्यासारखं. दोनदा मेलो. दोन्ही वेळा तो दारापर्यंत परत आला. मला कंटाळून सोडून देईल म्हणून मी तिसऱ्यांदाही मेलो. तिसऱ्यांदाही आला. आपली काठी मला दिली आणि स्वतः रिकाम्या हाताने पुढे चालला. मी विचारलं, मंडळात घेता का. नाव, गाव, शिक्षण, ओळख कोणाची, काही विचारलं नाही. मी अध्यक्ष असतो तर आधी चार प्रश्न विचारले असते.

“घेतो की. तू दहावा,” त्याने लिहिलं. “एकच सांगतो. हितं नाव कुठलंबी चालतं. पन रोज सोता यायचं. तुज्या बदली कुनी येनार न्हाई आता.”

मी ‘हो’ टाइप केलं. पडद्यावर ओळ आली, प्रवरा मंडळ, सभासद दहा, मंजूर. लगेच वृषाली, माधुरी, सगळे जमले, सूर्यभानचं स्वागत करायला. एवढ्या आनंदाने मला कधी कोणी या म्हटलं नव्हतं.

कोण कुठला सूर्यभान, नाशिकचा म्हणून सांगतो, धड टाइप करता येत नाही, आणि पाच मिनिटांत घरचा होतो. मी तीन वर्षं एका खोलीत राहतोय. त्या सूर्यभानचा मला इतका हेवा वाटला की स्टँडवरचा चहासुद्धा गोड लागला नाही.

खोलीवर आलो तर भीमराज घड्याळाला चावी देत होता. मला म्हणाला, “उद्या पाचचा गजर लावतोय. झोपमोड व्हईल तुजी.” दोन-अडीच आठवड्यांत एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच. मी म्हटलं, होऊ दे.

उद्या सकाळी सहाला त्याने सूर्यभानला बोलावलंय. जायचं मला आहे, पण बोलावलंय त्याला.